चौतीस गुंठे

सांगलीच्या बाहेर, जिथे तेव्हा शहर संपून ऊस सुरू व्हायचा, तिथे तात्यांचं एक एकर होतं. त्याच्या बांधाला लागून त्यांच्या थोरल्या भावाच्या पाठीमागे राहिलेल्या आक्कांचं एक एकर. दोन्ही रानांच्या पुढून पाणंद जायची आणि मागून ओत. ज्यांनी ओत पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की त्याला ना नदी म्हणता येतं ना नाला. काळ्या रानातला तो एक सखल पट्टा. वर्षातले आठ-नऊ महिने तिथे गवत असतं, म्हशी चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. पावसाळ्यात शिवाराचं पाणी त्यातून रेंगाळत कृष्णेकडे जातं, आणि कृष्णा फुगली की नदीचं पाणी त्याच वाटेनं उलटं आत येतं. तात्यांच्या सातबाऱ्यावर ओताची वेगळी नोंद नव्हती. चाळीस गुंठे म्हणजे चाळीस गुंठे, ओत धरून.

१९९५ च्या सुमारास एक एजंट पाणंदीनं मोटारसायकलवरून आला आणि बांधावर बसून त्यानं तात्यांना हिशेब सांगितला. एका गुंठ्याला जो भाव मिळत होता, तो ऐकून तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. एकरभर उसाचं वर्षाचं बिल एका गुंठ्यात येत होतं.

“पण गुंठा इकता येतो व्हय?” तात्यांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला मनाई होती. कायदा केला तेव्हा हेतू चांगला होता. वाटण्या होऊन होऊन शेताच्या चिंध्या होऊ नयेत, एवढाच. शहर शेताच्या दारात येऊन उभं राहील, हे तो कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फारसं नसावं. मग रजिस्ट्री होत नाही म्हणून लोकांनी स्टॅम्पवर साठेखत, नोटरीचा शिक्का आणि ताबापावती अशी वाट काढली. पैसे पूर्ण द्यायचे, घर बांधायचं, विजेचं मीटर घ्यायचं, आणि सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच राहू द्यायचं. यालाच गुंठेवारी म्हणतात.

“सरळ मार्गानं गेलात,” एजंट म्हणाला, “तर बिगरशेती करा, नगररचनेकडनं लेआउट मंजूर करून आणा. तुमचं एकर म्हणजे चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. चार हजाराच्या वर गेलं की दहा टक्के खुली जागा सोडावी लागती. आतले रस्ते नऊ मीटरचे, म्हणजे तीस फूट. चप्पल झिजवून मंजुरी आणली तरी हातात राहणार सव्वीस गुंठे. माझ्या हिशेबानं चौतीस.”

“आणि रस्ता?”

“तीन बोळ काढू की. दहा दहा फुटांचे. सहा गुंठे त्यात गेले, बस.”

सव्वीस आणि चौतीस यांत आठाचा फरक होता. तात्यांना दोन मुलगे, एक मुलगी लग्नाची. आठ गुंठे म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पलीकडच्या बांधावर आक्का गवत कापत होत्या. त्यांनी विळा खाली ठेवला. “भावजी, धा फुटांत माणूस जाईल. बाकीचं?”

“वैनी, रस्ता कोण इकत घेतंय का? लोक गुंठा इकत घेत्यात.”

एजंट हसला. हिशेबाच्या दृष्टीनं तात्या चुकीचं काही बोलले नव्हते. गिऱ्हाईक आलं की जागा आडवी-उभी टेप लावून मोजतं, पूर्वेला तोंड आहे का बघतं, बोअरला पाणी लागेल का विचारतं. घरापुढच्या बोळाची रुंदी मोजणारं गिऱ्हाईक त्या दोन वर्षांत एकही आलं नाही.

गिऱ्हाइकं तरी कोण होती? एसटीचे ड्रायव्हर, माधवनगरच्या मागावर काम केलेले विणकर, मिरजेच्या दवाखान्यांतल्या आया आणि परिचारिका, रिक्षावाले, मार्केट यार्डातले हमाल. मंजूर लेआउटमधला प्लॉट यांच्या आवाक्याबाहेरचा होता. यांतल्या बऱ्याच जणांना बँक कर्ज देत नव्हती, कारण पगाराची स्लिप नव्हती. नियोजनाच्या पुस्तकांत अशा वस्तीला ‘अनधिकृत’ हा एक शब्द पुरतो. मला तो नेहमी अर्धवट वाटत आला आहे. ज्या व्यवस्थेनं हमालाला परवडेल असा एकही अधिकृत गुंठा कुठे आखला नाही, तिनं त्याच्या घराला नाव ठेवायचं, हे काही खरं नव्हे.

सगळ्यात शेवटचा गुंठा गेला तो अशाच एका हमालाला. हळदीच्या पेठेत तो पोती वाहायचा. हंगामात त्याच्या तळहाताच्या रेघा पिवळ्या व्हायच्या आणि त्या पार वैशाखापर्यंत तशाच राहायच्या. त्याला पुढे सगळे मामा म्हणू लागले. त्याचा गुंठा पहिल्या बोळाच्या टोकाला, आक्कांच्या बांधाजवळच्या कोपऱ्यात. तात्यांच्या रानातला ओत नेमका त्या कोपऱ्यातून आक्कांच्या रानात उतरायचा. म्हणून तो गुंठा स्वस्त होता. एजंटानं चार ट्रॉल्या मुरूम टाकून दिला आणि सांगितलं, “आता ही जागा बाकीच्यांपेक्षा उंच झाली बघा.”

आक्कांनाही विकायचंच होतं. पोरगा शिकत होता, डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. त्यांनी त्याच एजंटाला बोलावलं. दिवस ऊसतोडीचे होते आणि त्यांच्या फडातून बीडकडच्या तोडकऱ्यांच्या गाड्या भरून निघत होत्या. एजंट फक्कीची पिशवी घेऊन बोळ आखायला वाकला, तेव्हा आक्का म्हणाल्या, “थांब जरा.”

त्यांनी एका गाडीवानाला हाक मारली. “बाबा, भरल्याली गाडी हितनं आत घाल. तिकडं माझ्या खोपीपर्यंत ने आन् वळवून भाईर काढ.”

गाडीवानाला कळेना, पण फडाच्या मालकीणबाईनं सांगितलेलं. त्यानं जू सावरलं, बैलांना हाकारलं. टनावारी उसाची गाडी कापलेल्या रानात शिरली, खोपीपुढे आली, आणि वळताना आतला बैल जागच्या जागी फिरत राहिला तेव्हा बाहेरच्यानं चांगलाच फेर घेतला. उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी लोंबत होते, ते जिथवर पोचले तिथवर आक्कांनी हातानं खुंट्या ठोकल्या. येणारी गाडी आणि जाणारी गाडी समोरासमोर आली तर, म्हणून पुन्हा एकदा दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या. मग टेप लावली. तेवीस फूट.

“आक्का, नऊ गुंठ्यांचं नुकसान होतंय तुमचं,” एजंट कळवळून म्हणाला. तेवीस फुटांचे दोन रस्ते आणि मागचा चाळीस फुटांचा पट्टा सोडला, की पंचवीसच गुंठे विकायला राहत होते.

“व्हतंय तर व्हतंय.”

यात आक्कांना थोर ठरवण्याचं कारण नाही. त्यांचाही व्यवहार स्टॅम्पवरच झाला. त्यांच्याही लेआउटला मंजुरी नव्हती. नियमातले तीस फूट त्यांनीही सोडले नाहीत आणि पोरांना खेळायला मैदान ठेवलं नाही. फरक असलाच तर एवढाच होता: तात्यांचं घर गावठाणात होतं, रान विकून ते तिकडे निघून जाणार होते. आक्कांचं घर मात्र त्याच रानाच्या मागच्या टोकाला, ओताच्या काठावर होतं आणि तिथेच राहणार होतं. म्हातारपणी रोज त्याच रस्त्यानं यायचं-जायचं होतं. म्हशी ओतातल्या गवतावर होत्या, म्हणून ओत राहिला. आधीच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलेलं, ते त्यांनी आपल्या भिंतीवर पाहिलेलं होतं.

महापालिका झाली १९९८ साली. सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र आले आणि दोन्ही रानं शहरात गेली. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामं प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरून नियमित करून घेता येतील, असं त्यात होतं. पुढे २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली. तात्यांच्या चौतीसांतल्या जवळपास निम्म्यांनी पैसे भरले. प्रमाणपत्रं आली, काहींनी ती फ्रेम करून देवघराशेजारी लावली. घर कागदावर आलं, ही केवढी मोठी गोष्ट असते ते भाड्याच्या खोलीत हयात काढलेल्यालाच कळेल. पण प्रमाणपत्रानं बोळ दहाचा अकरा फूट होत नाही.

उलट तो कमी झाला. कसा झाला ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण दोष कुणाच्या माथी मारावा ते कळत नाही.

२००५ च्या पुरात पाणी घरांत शिरलं. गुडघाभर, कुठे कमरेएवढं. ओसरल्यावर ज्याला जमलं त्यानं पहिली गोष्ट केली, ती जोतं उचललं. मुरूम भरून तीन फूट, साडेतीन फूट. जोतं उंच झालं की दाराला पायऱ्या वाढतात. आधी एक पायरी होती, आता पाच. पायऱ्या स्वतःच्या गुंठ्यात घ्याव्यात तर पुढची खोली लहान होते. म्हणून त्या बोळात आल्या. पायऱ्यांच्या शेजारची मोकळी जागा भरून ओटा झाला. ओट्याखाली शोषखड्डा. ओट्यावर धुण्याचा दगड, त्यावर पत्रा, पत्र्याला टेकून सायकल. समोरच्यानं दोन फूट घेतले म्हणून यानं दोन फूट. दहा फुटांचा बोळ सहा फुटांवर आला आणि भांडण एकदाही झालं नाही, कारण प्रत्येक जण समोरच्याच्या ओट्याकडे बोट दाखवून आपला ओटा बांधत होता. पुरापासून वाचायला केलेली तजवीज होती ती.

ओताचं म्हणाल, तर मागच्या रांगेतल्या सहाही घरांनी तो बुजवला होता. मामांनी एकट्यानं नव्हे. पण बाहेर पडायची जागा मामांच्या कोपऱ्यात होती, त्यामुळे पुढे बोलणी बसली ती मामांना.

आक्कांकडे काय झालं? रुंद रस्ता असला की त्यावरून सगळं जग जातं. तात्यांच्या बोळात टँकर शिरेना, वाळूचा ट्रक शिरेना, लग्नाचा मांडव बसेना. मग तात्यांकडच्या लोकांनी दोन लेआउटमधल्या भिंतीला भगदाड पाडलं आणि त्यांचा माल आक्कांच्या रस्त्यानं येऊ लागला. रस्ता उखडला. आक्कांकडच्या पंचवीस घरांनी सभा घेतली, भिंत पुन्हा बांधली आणि रस्त्याच्या तोंडाला लोखंडी साखळी लावली. कुलपाची किल्ली वस्तीच्या अध्यक्षांकडे. आक्का म्हणाल्या, “आरं, मी सोडलेल्या रस्त्याला कुलूप?” अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, “आक्का, तुम्ही सोडलात म्हणूनच राखायला पाहिजे.” त्याच अध्यक्षांच्या मनात ओताच्या पट्ट्यावर सभागृह बांधायचं होतं. गवत काय, नुसतं पडून आहे, असं ते म्हणत. चांगल्या आखणीत राहणारी माणसं आपोआप चांगली होतात, अशी समजूत काही नगररचनाकारांची असते. त्यांनी या साखळीपाशी उभं राहून पाहावं.

दरम्यान तात्यांच्या घरी वाटण्या झाल्या. गावठाणातलं घर मुलांकडे गेलं आणि तात्या, अशा वयात होतं तसं, मुलीकडे आले. मुलीला लग्नात एक गुंठा दिलेला होता, दुसऱ्या बोळात मधोमध. तात्या तिच्या ओट्यावर बसून दिवस काढू लागले. वाटणीत एक गंमत झाली होती. चौतीस गुंठे गेले, पण सातबाऱ्यावर बोळांचे सहा गुंठे तात्यांच्याच नावावर राहिलेले. ते कुणी लिहून घेतलेच नव्हते. तलाठ्याकडे वारसांची सोय लावताना तेही वाटले गेले: पहिला बोळ तात्यांना, दुसरा थोरल्याला, तिसरा धाकट्याला. दोन दोन गुंठे रस्ता वाट्याला आला.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आक्कांच्या घरात शिरलं, अध्यक्षांच्या घरात शिरलं, चौतीसच्या चौतीस घरांत शिरलं. एवढी नदी आल्यावर रुंद रस्ता काय आणि मोकळा ओत काय, पाणी कुणाला थांबवता येत नाही. जे तसं सांगतात ते पुराचं राजकारण करतात. फरक पडला तो दोन ठिकाणी.

पहिला बोटीच्या वेळी. आक्कांच्या रस्त्यानं बोट सरळ मागच्या घरापर्यंत गेली, वळली, माणसं घेऊन परत आली. साखळी पाण्याखाली कुठेतरी होती, बोट तिच्यावरून गेली. तात्यांच्या दुसऱ्या बोळाच्या तोंडाशी मात्र बोटवाला थांबला. पाणी मातकट, वरून सगळं सपाट. पण त्याखाली कुणाचा ओटा कुठवर आलाय, पायऱ्या कुठे संपतात, धुण्याचा दगड कुठे आहे, त्याला काय दिसणार? पुढे काढली तशी बोट खाली घासली, एका बाजूला कलली, आतली बाई किंचाळली. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली होती. बोटवाल्यानं इंजिन बंद केलं आणि बांबू पाण्यात खुपसून तळ चाचपत चाचपत पुढे गेला. दोनशे फुटांच्या बोळाला पाऊण तास लागला. तात्यांना माळ्यावरून उतरवून बोटीत घेतलं, तेव्हा बांबू टक्कन कशालातरी लागला. मुलगी म्हणाली, “आपलाच ओटा हाय तो, तात्या. सांभाळून.”

दुसरा फरक पाणी उतरताना दिसला. नदी मागे गेली तसं आक्कांकडचं पाणी ओतानं चार दिवसांत निघून गेलं. तात्यांच्या रानाची बशी झाली होती. पुढे पाणंदीचा रस्ता दर खेपेला डांबराचा थर चढून उंच झालेला, मागे मुरूम. शोषखड्डे फुटून सगळं त्याच पाण्यात. पंधरा दिवसांनीही घोटाभर काळं पाणी होतं. लोक निवारा केंद्रातून येत, दारातून बघत आणि परत जात.

महापालिकेचा अभियंता आला. म्हणाला, कोपऱ्यातून चर काढून पाणी पलीकडच्या ओतात सोडायला पाहिजे, पण जेसीबी तुमच्या बोळातून येणार नाही, पलीकडून आणावा लागेल. पलीकडे साखळी. आणि चर जाणार मामांच्या घरातून, निदान मागच्या खोलीतून.

साखळीपाशी सभा भरली. “तुमची घाण आमच्याकडं कशाला?” असं पलीकडून कुणीतरी म्हणालं. आक्का काठी टेकत आल्या. त्यांनी भाषण केलं नाही. अध्यक्षांना विचारलं, “तुमच्या घरातनं बोटीत कोण कोण बसलं, सांगा बघू.” अध्यक्षांची आई, बायको, दोन नातवंडं बसली होती. “बोट कशावरनं आली?” अध्यक्षांनी किल्ली काढून दिली, पण अट घातली: चर काढायचा तर पाइप बंदिस्त, उघडी गटार नको. अट रास्त होती. ती मान्य झाली.

खरा पेच मामांचा होता. चौतीस घरांतून सगळे त्यांच्याकडे बघत होते. कुणी म्हणालं, ओताच्या तोंडावर घर बांधायचं कशाला? मामा इतका वेळ उकिडवे बसून होते. ते म्हणाले, “मला कुणी सांगितलं न्हवतं, ही ओताची जागा हाय. सस्ती हाय एवढंच सांगितलं. तुमास्नी सगळ्यास्नी गुंठा मिळाला, मला गुंठा आन् पाण्याची वाट मिळाली. घ्या की माझी खोली. पर तेहतीस घरांनी मिळून मला ती दुसरीकडं बांधून द्या. आन् आधी वटं काढा. पाइप बोळातनंच जाणार हाय, तुमच्या वट्याखालनं.”

कुणी काही बोललं नाही. मागच्या खोलीची किंमत तेहतिसात वाटली तर प्रत्येकाला फारशी येत नव्हती. ओटा काढणं मात्र जड होतं. ओट्यावर प्रत्येकाचं काही ना काही होतं. त्या मिनिटभरात कुणाचं पिठाच्या गिरणीचं मशीन, कुणाचं कटिंगचं दुकान, कुणाच्या आईची खाट डोळ्यांसमोरून गेली असणार.

तात्या मुलीच्या खांद्याला धरून उभे होते. “आमचा काढा,” ते म्हणाले. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. घर तिचं होतं, ओटाही तिनंच शिलाईच्या पैशांतून बांधला होता. तिनं एवढंच विचारलं, “तात्या, तुमी बसणार कुठं?” आणि नंतर स्वतःच नवऱ्याला पहार आणायला सांगितलं.

पहिल्या आणि दुसऱ्या बोळातले ओटे आठवड्याभरात निघाले. खुशीनं निघाले असं म्हणता येणार नाही, दोघांनी शिव्या देत काढले, एकानं पोलिसात अर्ज दिला आणि मागे घेतला. पायऱ्या घराच्या आत, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यातून घेतल्या. खोल्या लहान झाल्या. मामांना त्याच बोळात, स्वतःच्याच घरावर वरची खोली बांधून मिळाली. वर्गणीत चार जणांनी हात वर केले, ती रक्कम बाकीच्यांवर पडली.

पाइप टाकून झाल्यावर काँक्रीटचा प्रस्ताव गेला आणि तो अडला. रस्ता महापालिकेच्या ताब्यात नाही, खासगी मालकीच्या जागेवर पालिका खर्च करायची नाही, सातबारा पाहिजे. तात्यांनी आपला बोळ लिहून दिला. थोरल्यानं बापाकडे बघून आपला दिला. धाकटा अडला. तिसऱ्या बोळात त्याच्या स्वतःच्या दोन खोल्या होत्या, त्यात तो तासगावहून येणारा बेदाणा ठेवायचा.

“दोन गुंठे हायत माझे,” तो म्हणाला. “आजच्या बाजारभावानं पैसे द्या.”

“आरं, लोक पंचवीस वर्षं चालतायत त्यावरनं,” तात्या म्हणाले.

“चालू द्या की. त्यांनी घराचे गुंठे घेतलेत. रस्ता कुणी विकत घेतलाय? कागद दाखवा.”

तात्या पुढे काही बोलले नाहीत. वकिलानं तिसऱ्या बोळातल्या लोकांना सांगितलं, वहिवाटीचा हक्क तुमचा आहे, दावा जिंकाल, पण किती वर्षांनी ते मला विचारू नका. तिसऱ्या बोळातले ओटे तसेच राहिले. आमच्या बाजूला पाइप येत नाही तर आम्ही का पाडायचं, असं त्यांचं म्हणणं. मध्ये २०२० चा पावसाळा गेला, तो करोनात कुणाच्या ध्यानातही राहिला नाही.

मग धाकट्यानं एक चाल केली. त्याला वाटलं होतं, लोक वैतागून पैसे गोळा करतील. ते झालं नाही. तेव्हा त्यानं वकिलाकडून तिसऱ्या बोळातल्या प्रत्येक घराला नोटीस पाठवली: तुमचा ओटा आणि पायऱ्या माझ्या मालकीच्या जागेत आहेत, इतके चौरस फूट, दरमहा इतकं भाडं, मागच्या तीन वर्षांच्या थकबाकीसह. नोटिशीसोबत प्रत्येक ओट्याची लांबी-रुंदी इंचात मोजून दिलेली होती. बोळाची रुंदी पहिल्यांदाच कुणीतरी टेप लावून मोजली होती.

नोटिसा शुक्रवारी पोचल्या. रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिसऱ्या बोळात पहारी वाजायला लागल्या. ज्या माणसानं दोन वर्षं आईच्या खाटेचं कारण सांगितलं होतं, त्यानं दुपारपर्यंत ओट्याचा चुरा करून पोत्यात भरला. गिरणीवाल्यानं मशीन आत ओढून घेतलं. कुणी कुणाला समजावलं नाही, सभा झाली नाही. एकाला भाडं द्यायचं नव्हतं, म्हणून कुणालाच द्यायचं नव्हतं. संध्याकाळी पोरांनी फक्कीची दोरी धरून बघितलं, तिसरा बोळ दहा फूट भरला. पहिल्या दोन बोळांत कुठे कुठे साडेनऊच भरतो.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. या वेळी बोट तिन्ही बोळांत सरळ गेली. तिसऱ्यात आधी म्हाताऱ्या बाया काढल्या, मग पोरं, मग दोन शेळ्या, आणि चौथ्या खेपेला धाकट्याच्या बेदाण्याचे बॉक्स. तिथे काँक्रीट मात्र झालेलं नाही. बोळ अजून धाकट्याच्याच नावावर आहे.